जसवंतसिंह: मेजर, मंत्री की लेखक? आणि कुठलं पुस्तक आधी वाचू?

मधली_सुट्टी

नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसती वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय तर जरा सांभाळून घ्या.

विषय असा की कंदहारच्या विमान अपहरणावरची ती वेबसिरीज आमच्याकडे सगळ्यांनी मिळून बघितली आणि त्यावरून जे भांडण पेटलं ते अजून धुमसतंय. बाबांचं म्हणणं, जसवंतसिंह फौजी माणूस, जबाबदारी अंगावर घेऊन स्वतः गेला, दुसऱ्या कुणाची छाती झाली नसती. सासरेबुवा म्हणतात कसला फौजी, तीन अतिरेक्यांना विमानात घालून पोचवायला गेला. मला यातलं धड काहीच माहीत नव्हतं म्हणून वाचायला लागले तर हा माणूस भलताच इंटरेस्टिंग निघाला. परराष्ट्र, संरक्षण, अर्थ, तिन्ही वजनदार खाती सांभाळलेली, वर एवढी पुस्तकं लिहिलेली, आणि भाजपने दोनदा हाकललं, त्यातलं एकदा चक्क जिनांवर पुस्तक लिहिलं म्हणून!

तर विचारायचं असं की फौजेतला अनुभव यांच्या राजकारणात खरंच कुठे दिसतो का नुसतं नावामागे मेजर लावायचं म्हणून लावलं, आणि पुस्तकांपैकी आधी कुठलं घेऊ, सगळी जाडजूड दिसतायत आणि माझं वाचन म्हणजे लोकलमध्ये बसायला मिळालं तर. आणि हो, जिनांबद्दल अडवाणीही बोलले होते ना? मग त्यांना ठेवलं आणि यांना काढलं असं का?


नगरी_रणगाडा

ताई, स्वागत. मी स्वतः रणगाड्यांत नोकरी केलेला माणूस त्यामुळे पहिल्या प्रश्नावर बोलायचा हक्क आहे असं समजतो, बाकीच्या प्रश्नांवर इथले विद्वान तुटून पडतीलच.

मेजर हे शोभेचं नव्हतं. बाडमेर जिल्ह्यातलं जसोल गाव, जन्म १९३८ चा, शाळा अजमेरचं मेयो कॉलेज आणि मग आपलं खडकवासला. १९५७ ला कमिशन मिळालं तेव्हा वय १९. युनिट सेंट्रल इंडिया हॉर्स, नावात घोडा असला तरी रणगाड्यांची रेजिमेंट, आणि रणगाडेवाला म्हटला की कोर्ससाठी नगरला धूळ खायला येणं आलंच. १९६६ ला राजीनामा दिला. म्हणजे नोकरी नऊ वर्षांची, पण त्यात ६२ आणि ६५ दोन्ही येऊन गेली. आता सिव्हिलियन लोकांच्या पटकन लक्षात येत नाही ते सांगतो, अधिकाऱ्याला पेन्शन बसायला २० वर्षं लागतात. अठ्ठाविसाव्या वर्षी, मेजर झालेला, पुढे कर्नल ब्रिगेडियरचा रस्ता मोकळा, आणि हा गडी एक पैसा पेन्शन नसताना बाहेर पडतो आणि तेही राजकारण करायला. बरं राजकारणाने लगेच काही दिलं म्हणावं तर तेही नाही, जनसंघात भैरोसिंह शेखावतांचं बोट धरून आले आणि राज्यसभा मिळाली थेट १९८० ला. मधली १४ वर्षं काढली कशी असतील याचं मला जास्त कुतूहल आहे, मंत्रिपदाचं कमी.

भाषणात युद्धाच्या गोष्टी सांगून टाळ्या घेणाऱ्यांतले ते नव्हते. खांद्यावर पट्ट्या असलेले ते बुशशर्ट आणि तो खर्जातला आवाज, बास, एवढीच वर्दी शिल्लक होती. खरी फौज दिसते ती त्यांच्या एका जुन्या तक्रारीत. आपल्याकडे सुरक्षेचे निर्णय घेताना वर्दीतल्या माणसाला दाराबाहेर बसवतात, आणि मुळात दूरचा विचार करायची सवयच देशाला नाही, हे त्यांचं रडगाणं (चांगल्या अर्थाने म्हणतोय). १९९९ चं डिफेंडिंग इंडिया वाचा, त्यात हेच आहे. कारगिलनंतर अडवाणींच्या अध्यक्षतेखाली मंत्रिगट बसला त्यात हे होते आणि त्या गटाने २००१ साली शिफारस केली की तिन्ही दलांचा मिळून एक प्रमुख नेमा. तेवढ्यात तहलकाचं संरक्षण खरेदीतल्या लाचखोरीचं स्टिंग झालं, मार्च २००१ मध्ये जॉर्ज फर्नांडिसांनी राजीनामा दिला आणि संरक्षण खातंही यांच्याच गळ्यात आलं, परराष्ट्र सांभाळून वर हे. ऑक्टोबरात जॉर्ज परत आले, पण त्याआधी तिन्ही दलांचं एकत्र मुख्यालय उभं राहिलं होतं. प्रमुखाची खुर्ची मात्र रिकामीच. ती भरली १ जानेवारी २०२० ला, जनरल रावत, तेव्हा जसवंतसिंह पाच वर्षांहून जास्त काळ बेशुद्धीत होते. आता बोला.


चहा_कमी_साखर

सासरेबुवांना माझ्याकडून एक कटिंग.

नगरी काका, खडकवासला वगैरे सगळं मान्य हो, पण प्रश्न कंदहारचा आहे आणि तो तुम्ही शिताफीने टाळलात. २४ डिसेंबर १९९९ ला काठमांडूहून विमान पळवलं, अमृतसरला पाऊण तास जमिनीवर होतं, पाऊण तास!! आणि आपण टँकर पाठवायचा की नाही, टायर फोडायचे की नाही करत बसलो आणि ते उडून गेलं लाहोरला, तिथून दुबई, तिथून कंदहार. खरी माती अमृतसरला खाल्ली आणि ती सगळ्यांनी मिळून खाल्ली, मी एकट्या जसवंतसिंहांच्या नावावर लावत नाही. आधी मागणी ३६ अतिरेकी आणि २० कोटी डॉलर अशी होती, घासाघीस करून तीनवर आणली हेही मान्य. पण ते तीन कोण? मसूद अझर, ओमर शेख, मुश्ताक झरगर. अझरने सुटल्यावर काही महिन्यांत जैश काढली, पुढचं सांगायला नको. फारूक अब्दुल्ला घसा फोडून सांगत होते सोडू नका.

तेही जाऊ दे. १५० च्या वर माणसं विमानात, रुपिन कत्यालला मारून टाकलेलं, पंतप्रधानांच्या घराबाहेर नातेवाईक आणि कॅमेरे, सोडण्याशिवाय इलाज नव्हता असं धरू. पण मग परराष्ट्रमंत्र्याने त्याच विमानात बसून का जायचं? अधिकारी गेले असते. तालिबानच्या मंत्र्याबरोबर उभं राहून फोटो निघाला भारताच्या परराष्ट्रमंत्र्याचा, जो फोटो पुढची वीस वर्षं विरोधकांनी प्रत्येक निवडणुकीत काढला. याला शौर्य म्हणायचं असेल तर म्हणा, मी म्हणणार नाही.


नगरी_रणगाडा

टाळलं नाही, टायपायला वेळ लागतो, बोटं जुनी झालीत.

त्यांनी स्वतः २००६ च्या आत्मचरित्रात लिहिलंय का गेलो ते. कंदहारला आपले जे अधिकारी वाटाघाटी करत होते (डोवाल, सहाय, काटजू) त्यांनी कळवलं की शेवटच्या घटकेला काही फाटे फुटले तर जागेवर निर्णय घेऊ शकेल असा कुणीतरी पाठवा, इथून दिल्लीला विचारत बसायला वेळ मिळणार नाही. मग पाठवायचा कुणाला? सचिवाला? उद्या सचिव म्हणेल मला अधिकार नव्हते. ज्याने बैठकीत बसून होकार भरलाय त्याने जायचं, एवढं साधं आहे ते. फौजेत वाईट कामाची ऑर्डर देणारा स्वतः तंबूत बसून राहिला तर जवान त्याला परत कधी विचारत नाहीत.

आता हे राजकीय शहाणपण होतं का, तर मुळीच नव्हतं. चहावाले म्हणतात तो फोटो निघणार हे त्यांनाही कळत असणार. माझं म्हणणं एवढंच की ताईंचे बाबा आणि सासरे दोघांनी वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली आहेत. सौदा वाईट होता का, होता. माणूस घाबरट होता का, नाही.


चहा_कमी_साखर

हे वकिली उत्तर झालं काका पण असो, इथे थांबतो नाहीतर धागा शंभरी गाठेल.


लालफीत

सगळे कंदहार आणि जिना करतायत, ज्या गोष्टीचा आजही रोज लाखो घरांवर परिणाम होतोय ती कुणालाच आठवत नाही 😀

जुलै २००२ मध्ये यशवंत सिन्हा आणि जसवंतसिंह यांची खाती अदलाबदल झाली, सिन्हा परराष्ट्रात आणि हे अर्थखात्यात. तसे १९९६ च्या त्या तेरा दिवसांच्या सरकारातही हेच अर्थमंत्री होते पण त्यात काय करणार. तर २००३ चं बजेट. त्यात जाहीर झालं की केंद्राच्या नोकरीत नव्याने येणाऱ्यांना जुनी ठरलेली पेन्शन नाही, तुमचा हिस्सा सरकारचा हिस्सा जमा होईल आणि बाजारात जे पिकेल ते तुमचं. १ जानेवारी २००४ पासून लागू. मग एकेक राज्य त्या वाटेने गेलं, महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, आणि मार्च २०२३ चा तो सगळा राज्यभरचा संप, एकच मिशन जुनी पेन्शन, त्याचं मूळ शोधत गेलात तर या बजेटच्या भाषणापाशी पोचता. केंद्राने आता एप्रिल २०२५ पासून मधला मार्ग म्हणून युनिफाइड पेन्शन आणली तो भाग वेगळा.

आणि यातली मेख बघा, सैन्यदलांना त्यातून वगळलं. वरती काकांनी लिहिलंय की स्वतः पेन्शनवर पाणी सोडून बाहेर पडले होते, तर ज्याला पेन्शन नव्हती त्याने इतरांची काढली आणि फौजेची ठेवली. मी हे टोमणा म्हणून लिहिलं पण खरं सांगायचं तर आकड्यांच्या दृष्टीने ते करणं भाग होतं असं मला वाटतं, पगारापेक्षा पेन्शनचा बोजा जास्त झालेली राज्यं आपण बघतोच आहोत. कर्मचारी संघटनेतले मित्र हे वाचत असतील तर माझा उद्याचा डबा बंद.

त्याच कारकीर्दीत करांच्या सुधारणेसाठी विजय केळकरांची कार्यगटं नेमली होती, आपले केळकर. त्यांनी म्हटलं होतं सगळ्या सवलती काढा आणि दर कमी करा, ते मध्यमवर्गाच्या अंगावर शहारे आणणारं होतं त्यामुळे त्यातलं बरंचसं बासनात गेलं. वित्तीय तुटीला लगाम घालणारा कायदाही २००३ चाच. आणि ज्येष्ठांसाठी एलआयसीतर्फे ९ टक्क्यांची वरिष्ठ पेन्शन बीमा योजना, तेव्हा बँकांचे दर धडाधड उतरत होते आणि रिटायर लोक हवालदिल झाले होते म्हणून. अर्थमंत्री म्हणून ते फार ग्रेट होते असं मी म्हणणार नाही, आकड्यांपेक्षा शब्दांत रमणारा माणूस तो, पण नालायकही नव्हते.


मधली_सुट्टी

बापरे, एवढं सगळं! जुन्या पेन्शनचं मूळ इथे आहे हे खरंच माहीत नव्हतं. सासरे याच विषयावर तर सर्वात जास्त चिडतात, आता त्यांना सांगू की नको...

पुस्तकांचं कुणीतरी सांगा ना.


पिवळी_पानं

आले आले. सुट्टीताई, क्रम असा ठेवू नका की आधी जिना, कारण सगळे तेच करतात आणि पन्नासाव्या पानावर सोडतात. भाषा जड आहे हो यांची, इंग्रजीत आपल्याकडे जसे जुन्या वळणाचे अग्रलेख असतात ना तशी, एकेक वाक्य आगगाडीसारखं, आणि मध्येच विषय सोडून राजस्थानातल्या वाळूत शिरतात. पण शिरतात तिथेच वाचायला मजा येते हे माझं मत.

सुरुवात आत्मचरित्रापासून, अ कॉल टू ऑनर, २००६. त्यातले जसोलचे बालपणाचे भाग आधी वाचून काढा, मग उडी मारून अणुचाचण्यांनंतरचा भाग. मे १९९८ ला पोखरण झालं, सगळ्या जगाने वाळीत टाकलं, अमेरिकेने निर्बंध घातले, आणि वाजपेयींनी बोलणी करायला यांना पाठवलं. तेव्हा हे परराष्ट्रमंत्री नव्हते सुद्धा! ९८ ला चित्तोडगडमधून लोकसभा हरले होते, अर्थमंत्री करायचं वाजपेयींच्या मनात होतं पण संघाचा विरोध म्हणून नियोजन आयोगाचं उपाध्यक्षपद दिलं होतं. समोर अमेरिकेचे उपपरराष्ट्रमंत्री स्ट्रोब टॅलबट. दोघं चौदा वेळा भेटले, सात देशांत, तीन खंडांवर. अमेरिकेची रट एकच, अणुचाचणी बंदीच्या करारावर सही करा. हे सही करत नाहीत आणि नाही असंही म्हणत नाहीत, दोन वर्षं नुसतं झुलवत ठेवलं. आणि गंमत म्हणजे ऑक्टोबर १९९९ ला अमेरिकेच्या सिनेटनेच तो करार फेटाळला. म्हणजे ज्या करारावर सही कर म्हणून आमच्या मागे लागलात तो तुमच्याच घरी नापास. मार्च २००० मध्ये क्लिंटन इथे, २२ वर्षांत पहिल्यांदा अमेरिकेचा अध्यक्ष. एक सही न करता हे सगळं.

टॅलबटनेही यावर पुस्तक लिहिलंय, एंगेजिंग इंडिया, २००४ चं. ते सोपं आहे वाचायला. दोन्ही शेजारी ठेवून वाचली तर एकाच खोलीत बसलेली दोन माणसं काय काय वेगळं ऐकत होती ते कळतं. माझ्या मते ही जोडी म्हणजे यांच्या कारकिर्दीतलं सगळ्यात चांगलं वाचन, जिनांपेक्षा कितीतरी.

मात्र त्याच आत्मचरित्रात एक मोठा घोळ आहे. नरसिंह रावांच्या काळात पंतप्रधान कार्यालयातून अणुकार्यक्रमाची माहिती अमेरिकेला फोडणारा कुणीतरी होता असं लिहिलं, देशभर गदारोळ झाला, मनमोहनसिंगांनी आव्हान दिलं नाव सांगा, आणि नाव काही आलं नाही. लेखक म्हणून त्यांचं ते वागणं मला पटलं नाही. एवढा मोठा आरोप करायचा तर पुरावा हातात हवा नाहीतर ते वाक्यच लिहू नये.


उंटावरचा_शहाणा

पुस्तक बिस्तक ठीक आहे पण फाळणीला नेहरू पटेल जबाबदार आणि जिना बिचारे, असं लिहिणाऱ्याला पक्षाने हारतुरे घालायचे होते का? सरदार पटेलांवर बोट ठेवलं म्हटल्यावर गुजरात पेटणारच. बरोबर काढलं.


पिवळी_पानं

शहाणे, वाचलंय का?

जिना बिचारे असं कुठेही नाही त्यात. त्यांचा मुद्दा असा की १९१६ ला काँग्रेस आणि मुस्लिम लीगमधला लखनौ करार करणारा, हिंदू मुस्लिम ऐक्याचा दूत म्हणवला गेलेला माणूस तीस वर्षांत पाकिस्तानचा कायदेआझम कसा झाला, आणि त्यात काँग्रेसच्या चुका किती. लखनौ कराराला दुसऱ्या बाजूने टिळक होते हे मराठी माणसाला सांगायला नको, त्याच साली मुंबई हायकोर्टात टिळकांचा खटला लढवून त्यांना सोडवणारे वकीलही जिनाच. मग १९४६ ची कॅबिनेट मिशन योजना, म्हणजे देश न तोडता सत्ता सोपवायची ब्रिटिशांची योजना, जिनांनी ती मान्य केली होती, आणि १० जुलैला मुंबईत नेहरूंनी पत्रकार परिषदेत सांगितलं की आम्ही कशालाही बांधील नाही, तिथे फिस्कटलं. हा मुद्दा जसवंतसिंहांचा स्वतःचा पण नाही, मौलाना आझादांनी लिहून ठेवलाय, महाराष्ट्राचे माजी महाधिवक्ता सीरवाईंनी कायद्याच्या अंगाने मांडलाय. इतिहासाच्या अभ्यासकांना त्यात नवीन काही सापडलं नाही अशीच तक्रार होती. मीही म्हणेन की पुस्तक पसरट आहे, उतारेच्या उतारे चिकटवलेत, संपादकाने शंभर दीडशे पानं सहज उडवायला हवी होती. पण बंदी घालण्यासारखं काय होतं?

आणि बंदीचं काय झालं ते पण सांगते. १७ ऑगस्ट २००९ ला दिल्लीत प्रकाशन, १९ ला सिमल्यात पक्षाची चिंतन बैठक सुरू झाली आणि त्याच दिवशी यांना काढलं, गुजरातने बंदीही त्याच दिवशी घातली. दोन दिवसांत कुणी ते जाडं पुस्तक वाचून काढलं असेल तर त्या माणसाचा सत्कार करूया आपण. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात गुजरात हायकोर्टाने बंदी उडवून लावली. आणि काढायची पद्धत! हे बैठकीसाठी सिमल्यात पोचलेले, आणि फोनवर कळवलं की येऊ नका, तुम्हाला काढलंय. तीस वर्षं पक्षात असलेल्या माणसाला. ते नंतर म्हणाले होते की मला हनुमान म्हणायचे, आता रावण झालो.


उंटावरचा_शहाणा

पूर्ण नाही वाचलं. वाचायची गरज वाटली नाही. पक्षशिस्त म्हणून काही असतं की नाही? आमदारकी खासदारकी पक्षाच्या जिवावर आणि पुस्तक स्वतःच्या मर्जीचं, असं दोन्ही कसं चालेल. फौजेत असतं तर कोर्टमार्शल झालं असतं, विचारा काकांना.


लालफीत

अडवाणींचं उत्तर मी देतो कारण ताईंनी विचारलंय आणि सगळे भलतीकडेच चाललेत.

२००५ ला अडवाणी कराचीत जिनांच्या कबरीवर गेले आणि धर्मनिरपेक्ष वगैरे म्हणाले, तेव्हा संघाने त्यांनाही सोडलं नव्हतं, अध्यक्षपद गेलंच त्यांचं. पण २००९ ला पंतप्रधानपदाचे उमेदवार तेच. कारण अडवाणींमागे रथयात्रेची सगळी फौज, गावोगावचा कार्यकर्ता. जसवंतसिंहांमागे कोण? वाजपेयी. आणि वाजपेयी तोवर आजारपणाने राजकारणातून बाजूला झाले होते. मतदारसंघ बघा यांचे, १९८९ ला जोधपूर, ९१ आणि ९६ ला चित्तोडगड, मग राज्यसभा, २००९ ला थेट दार्जिलिंग! गोरखा जनमुक्ती मोर्चाच्या पाठिंब्यावर अडीच लाखांहून जास्त मतांनी आले तिथून, पण ती मतं मोर्चाची. असा माणूस कॅबिनेटमध्ये शोभून दिसतो, पक्षाला जड झाला की उचलून बाजूला ठेवायला फार कष्ट पडत नाहीत. त्यात २००९ ची निवडणूक नुकतीच हरलेले, का हरलो याचा हिशेब मागणारं पत्र यांनीच पक्षात लिहिलं होतं. चिंतन बैठकीत त्याच्यावर चिंतन करण्यापेक्षा जिनांवर केलेलं सोपं.

जाता जाता, यांनी संसदेच्या लोकलेखा समितीचं अध्यक्षपद सोडल्यावर ते आपल्या गोपीनाथ मुंड्यांकडे आलं. जून २०१० ला पक्षात परतही घेतलं म्हणा, २०१२ ला उपराष्ट्रपतिपदासाठी उभंही केलं, पण ती हरायची निवडणूक होती, हमीद अन्सारी ४९० आणि हे २३८.


गावठी_गुगली

धागा छान चाललाय म्हणून एक भर घालतो. फौजेतून राजकारणात गेलेले आपल्याकडेही आहेत, ब्रिगेडियर सुधीर सावंत राजापूरचे खासदार होते, आणि पुण्याचे कलमाडी तर खडकवासल्याची एनडीए करून हवाई दलात पायलट होते हे आता कुणी सांगितलं तर लोकांना विनोद वाटतो 😀 पण फौज, राजकारण आणि सातत्याने लेखन असं तिन्ही असलेला मराठी माणूस मला आठवत नाही. पंजाबचे कॅप्टन अमरिंदर आहेत, ६५ च्या युद्धासाठी राजीनामा देऊन परत वर्दीत गेलेले आणि कारगिलवर, शिखांच्या लढायांवर पुस्तकं लिहिलेले. पण त्यांचं लेखन लढायांपुरतं आणि राजकारण राज्यापुरतं. जनरल व्ही. के. सिंगांचं आत्मचरित्र आहे. जसवंतसिंहांसारखं सरकारात असताना परराष्ट्र धोरणाची बाजू अमेरिकेच्या मासिकात लेख लिहून मांडणारा (१९९८ ला फॉरेन अफेअर्स मध्ये, अणुबाबतीतला जगाचा भेदभाव या विषयावर, तो लेख आजही वाचण्यासारखा आहे) दुसरा नाही.

आपल्याकडे जनरल थोरातांचं आत्मचरित्र आहे, कोल्हापूरचे एस. पी. पी. थोरात, पण त्यांची ओळख फौजी म्हणूनच.


नगरी_रणगाडा

शहाण्यांनी माझं नाव घेतलंय म्हणून परत आलो. कोर्टमार्शल झालं असतं हे खरं, वर्दीत असताना असं पुस्तक काढलं असतं तर झालंच असतं. म्हणून तर त्यांनी ६६ ला वर्दी उतरवली ना! ज्याला हुकूम ऐकायचाय तो फौजेत राहील, ज्याला बोलायचंय तो बाहेर पडेल. बाहेर पडूनही हुकूमच ऐकायचा असेल तर निदान पेन्शन तरी घ्यावी माणसाने.

कारगिलचं कुणीच काढलं नाही म्हणून सांगतो. पाकिस्तानचे लष्करप्रमुख मुशर्रफ बीजिंगमध्ये आणि त्यांचा जनरल अझीझ पिंडीत असताना दोघांचं फोनवरचं बोलणं आपण पकडलं होतं, ते यांनी ११ जून १९९९ ला पत्रकारांसमोर जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री सरताज अझीझ दिल्लीत बोलणी करायला येणार होते! पाहुणा दारात यायच्या आधी त्याची पोलखोल. आमच्यात त्यावरून वाद झाला होता की असं हातातलं पान उघडं करावं का, कारण एकदा कळलं की शत्रू लाइन बदलतो. पण घुसखोर मुजाहिदीन आहेत, आमचा संबंध नाही, हे पाकिस्तानचं नाटक त्या दिवशी संपलं. गुप्तहेर खात्याची माणसं असं कधीच करू देत नाहीत, राजकारण्याला त्याचं मोल कळतं पण वेळ कळत नाही, इथे दोन्ही जमलं.

आणि २०१४ बद्दल. बाडमेर मागितलं होतं, म्हणाले शेवटची निवडणूक घरून लढतो. पक्षाने काँग्रेसमधून आलेल्या सोनाराम चौधरींना दिलं. सोनाराम निवृत्त कर्नल. म्हणजे मेजर विरुद्ध कर्नल, आणि मेजर अपक्ष. चार लाखांवर मतं घेतली तरी सुमारे ८७ हजारांनी पडले. आमच्या व्हॉट्सअप ग्रुपवर तेव्हा जोक फिरला की सिनियॉरिटीने जिंकलं. पक्षाने दुसऱ्यांदा काढलं ते याच निवडणुकीत. ऑगस्टमध्ये घरी पडून डोक्याला मार लागला, तिथून उठलेच नाहीत, सप्टेंबर २०२० ला दिल्लीच्या आर्मी हॉस्पिटलात गेले.


चहा_कमी_साखर

कारगिलच्या टेपबद्दल फुल मार्क्स, ते मीही देतो. कंदहारचं मत कायम.


मधली_सुट्टी

किती माहिती दिलीत सगळ्यांनी, एवढ्याची अपेक्षाच नव्हती. आत्मचरित्र आणि टॅलबट अशी जोडी घ्यायचं ठरवतेय. पानंताई, एक शंका, आधी टॅलबट वाचलं तर चालेल का, तुम्ही म्हणालात ते सोपं आहे. आणि २०१३ चं इंडिया अॅट रिस्क म्हणून एक दिसतंय ते कसं आहे?


पिवळी_पानं

आधी टॅलबट वाचा, चालेल काय पळेल. तारखा आणि माणसं डोक्यात बसली की मग जसवंतसिंहांच्या लांबलचक वाक्यांत हरवायला होत नाही. फक्त टॅलबट अमेरिकेच्या खुर्चीवरून लिहितोय हे विसरू नका, आपण सही करणारच होतो असं त्याला शेवटपर्यंत वाटत होतं.

इंडिया अॅट रिस्क नंतर घ्या. काश्मीर, चीन, ६५, ७१, श्रीलंका, कारगिल, प्रत्येक ठिकाणी आपण कुठे गडबडलो याची यादी आहे ती, आणि स्वतः सरकारात असतानाच्या प्रकरणांवर आले की हात जरा आखडतो. कंदहारवर जास्त खोलात जाण्याची आशा ठेवून घेणार असाल तर पैसे वाचवा, त्यासाठी आत्मचरित्रातलंच प्रकरण पुरे. मुंबईत असाल तर फोर्टातल्या जुन्या पुस्तकवाल्यांकडे आधी बघा, नवीन प्रत महाग पडते. नाही मिळालं तर व्यनि करा, टॅलबट माझ्याकडे आहे, पेन्सिलीने खुणा केलेल्या चालत असतील तर देते.


उंटावरचा_शहाणा

आणि जिनांचं पुस्तक आहे का तुमच्याकडे? बघतो म्हटलं जरा, पन्नास पानं तरी.